घरी येऊन उपचार करणाऱ्याला परवाना कोण देतं?



बारावीचा निकाल लागला की आपल्या अंबड-सिडको भागात खांबांवर, रिक्षांच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानात एकसारखी पत्रकं दिसायला लागतात. 'पॅरामेडिकल कोर्स, फक्त एक वर्ष, नोकरीची हमी.' मग पालक ते पत्रक घडी करून शाळेत घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हा कोर्स कसा आहे? फी हप्त्याने भरता येईल म्हणतात." फीबद्दल सगळे विचारतात. पण हा कोर्स केल्यावर मुलाला पेशंटला हात लावायची कायदेशीर परवानगी मिळेल का, हे अजून मला कुणी विचारलेलं नाही.

गंमत म्हणजे याच प्रश्नाची दुसरी बाजू त्याच पालकांच्या घरात असते. आजोबांना लकवा झालेला, आईची शुगर वाढलेली, घरातली दोघंही माणसं कंपनीत पाळीवर. दवाखान्यात नेणं म्हणजे खाडा. मग कुणीतरी ओळखीचा 'पॅरामेडिकलवाला' घरी येऊन इंजेक्शन देतो, ड्रेसिंग बदलतो, सलाईन लावतो. शंभर-दोनशे रुपये दिले की काम झालं. तो माणूस कोण, काय शिकलाय, काही बिघडलं तर जबाबदार कोण? हेही कुणी विचारत नाही.

मुलाला तो कोर्स लावायचा असो किंवा आजोबांसाठी तो माणूस घरी बोलवायचा असो, विचारायचा प्रश्न एकच आहे. म्हणून आज जरा सविस्तर बघू.

आधी शब्द

'पॅरामेडिक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. लॅबवाला, एक्स-रेवाला, ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस, रुग्णवाहिकेतला माणूस, सगळे पॅरामेडिकल. सरकारी मराठीत 'परावैद्यक' म्हणतात. परदेशात मात्र पॅरामेडिक म्हणजे मुख्यतः रुग्णवाहिकेवरचा, तातडीच्या उपचाराचं शिक्षण घेतलेला माणूस. हाच माणूस पेशंटला फक्त हॉस्पिटलात न पोचवता, हॉस्पिटलातून घरी आलेल्या पेशंटकडे ठरलेल्या दिवशी जातो, बीपी-शुगर बघतो, गोळ्या बरोबर चालल्यात का तपासतो, जखम बघतो आणि डॉक्टरांना कळवतो, तेव्हा त्या सेवेला 'कम्युनिटी पॅरामेडिसिन' म्हणतात. आपण तिला घरपोच परावैद्यक सेवा म्हणू.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २०११ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. साध्या पॅरामेडिकने दोन वर्षं पूर्णवेळ काम केलेलं असावं, त्यावर वेगळा अभ्यासक्रम पूर्ण करावा, रुग्णवाहिका सेवेच्या वैद्यकीय संचालकाच्या देखरेखीखाली राहावं आणि पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मान्य केलेल्या योजनेप्रमाणेच काम करावं, अशा अटी. वेगळा कायदा का लागला? कारण पॅरामेडिकचा मूळ परवाना तातडीच्या प्रसंगासाठी. अपघात झाला, छातीत दुखलं, तर तो उपचार करू शकतो. पण कुठलीही तातडी नसताना घरी जाऊन साखर तपासणं, औषध बघणं हे त्या परवान्यात बसत नव्हतं. माणूस तोच, कौशल्य तेच, पण काम बदललं म्हणून परवानगी वेगळी घ्यावी लागली.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे असा एकच एक परवाना नाही. काम मात्र रोज चालू आहे, तुकड्यातुकड्यांत. मुलांना समजावताना मी तीन रकाने करते : गाडी, माणूस, काम. तिन्हींची परवानगी वेगवेगळ्या दारातून येते.

गाडी

हा रकाना सोपा आहे. रुग्णवाहिकेची नोंदणी आरटीओत होते. बांधणीसाठी एआयएस १२५ नावाचं राष्ट्रीय मानक आहे आणि त्यात चार प्रकार आहेत. 'ए' म्हणजे पहिली मदत घेऊन पोचणारं वाहन, त्यात दुचाकीही आली. 'बी' म्हणजे पेशंटची फक्त ने-आण. 'सी' म्हणजे मूलभूत जीवरक्षक सोयी. 'डी' म्हणजे प्रगत सोयी, व्हेंटिलेटर वगैरे. आपल्या गल्लीत उभी असलेली पांढरी ओम्नी बहुधा ने-आणीची असते. तिच्यावर दिवा आहे म्हणून आत उपचार मिळेल असं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रवासी किंवा मालवाहू गाडीला जो परमिट लागतो, तो केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ ने माफ केलाय. पेशंटची अडवणूक होऊ नये हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की गाडीवर 'अ‍ॅम्ब्युलन्स' लिहिलेलं वाचून आतल्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. आरटीओ गाडी तपासते, माणसाचं शिक्षण तपासणं हे तिचं कामच नाही.

१०८ मध्ये कोण बसतं?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा, त्यात २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. तुम्ही अंबडमधून फोन लावला तरी तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो आणि तिथून जवळची गाडी पाठवली जाते.

आता बघा, १०८ ही सेवा २००५ मध्ये आधी आंध्र प्रदेशात सुरू झाली. तिथे आणि इतर अनेक राज्यांत गाडीत ईएमटी म्हणजे तातडीच्या सेवेचा तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. आपल्या १०८ मध्ये डॉक्टर असतो, बहुतेक वेळा आयुर्वेदाची पदवी घेतलेला आणि तातडीच्या सेवेचं प्रशिक्षण झालेला. म्हणजे परावैद्यकाला परवाना कसा द्यायचा हा प्रश्न सोडवण्याऐवजी, ज्याच्याकडे आधीच नोंदणी आहे असा माणूस गाडीत बसवला. मला हा निर्णय त्या वेळेपुरता शहाणपणाचा वाटतो. पेशंटच्या बाजूने तर चांगलाच. पण बारावीनंतर ईएमटीचा कोर्स करायला निघालेल्या मुलाला हे आधी सांगायला हवं ना? इतर राज्यांत ज्या खुर्चीवर तो बसेल, त्या खुर्चीवर आपल्याकडे डॉक्टर बसलेला आहे. त्याने खासगी हॉस्पिटल, कंपनी, कार्यक्रमांचं वैद्यकीय पथक अशा जागा डोळ्यासमोर ठेवूनच कोर्स निवडावा.

माणूस

इथे खरी मेख आहे.

डॉक्टरची नोंद त्याच्या पॅथीप्रमाणे वैद्यक परिषदेत, नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, औषध देणाऱ्याची राज्य फार्मसी परिषदेत. ही नोंदवही म्हणजेच परवाना. पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणजे परवाना मिळत नाही, नोंदणी क्रमांक लागतो.

परावैद्यकांना अशी नोंदवही फार उशिरा मिळाली. महाराष्ट्राने २०११ च्या कायद्याने परावैद्यक परिषदेची तरतूद केली. देशपातळीवर संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ मध्ये आला. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत. तातडीच्या सेवेचा तंत्रज्ञ, म्हणजे आपला रुग्णवाहिकेतला पॅरामेडिक, हा अपघात, भाजणे, भूल आणि शस्त्रक्रिया यांच्या गटात नाव घेऊन दिलेला आहे.

या कायद्यातल्या तीन गोष्टी पालकांनी पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली, संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं. पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकाला ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता पत्रकावरचा 'एक वर्षाचा' कोर्स घ्या. रोज सहा तास, वर्षाला ३०० दिवस एकही सुट्टी न घेता शिकवलं तरी १,८०० तास होतात. हे गणित आठवीचा मुलगाही करेल. तास तर कमी पडतातच, दोन वर्षांची अटही पूर्ण होत नाही.

दुसरी, नवी संस्था काढायला, नवा अभ्यासक्रम सुरू करायला किंवा जागा वाढवायला राज्य परिषदेची आधी परवानगी लागते. ती नसेल तर त्या संस्थेने दिलेली पात्रता या कायद्याखाली मान्य होत नाही. म्हणजे चूक संस्थेची आणि वर्षं गेली आपल्या मुलाची. तिसरी, नोंदणी नसताना असा व्यवसाय केला तर ५०,००० रुपये दंड. आणि तो संस्थेला नाही बरं, व्यवसाय करणाऱ्याला.

माझा एक जुना विद्यार्थी असाच एका संस्थेतून वर्षभराचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला. हुशार, कष्टाळू पोरगा. मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न आला, नोंदणी क्रमांक काय? त्याला असा काही क्रमांक असतो हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. आज तो एका दवाखान्यात मदतनीस आहे, पगारही मदतनीसाचा.

याचा अर्थ छोटे कोर्स टाकाऊ, असं अजिबात नाही. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे ईएमटी बेसिक, घरगुती शुश्रूषा सहाय्यक असे कोर्स असतात. त्यातून काम मिळतं, हात तयार होतो. पण कौशल्य प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं माहीत असून कोर्स करावा. आणि ज्याला खरोखर या क्षेत्रात उभं राहायचंय त्याने आधी आपल्याच नाशकातल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे बघावं. म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे ते. तिथला बीपीएमटी हा परावैद्यक पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. अख्ख्या महाराष्ट्रातली मुलं या विद्यापीठाच्या कागदासाठी धडपडतात आणि आपण अंबडहून तिथे एकदा चौकशीलाही जात नाही.

काम

समजा माणूस नोंदणीकृत आहे. मग तो घरी येऊन काहीही करू शकतो का? नाही. हा तिसरा रकाना सगळ्यात अवघड आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा.

आपल्या महाराष्ट्राने याबाबत जगाला काही शिकवलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर हॉस्पिटल लांब, रस्ता नाही, आईबाप जायला तयार नाहीत. अशा वेळी या गावातल्या बाईने लक्षणं ओळखायची आणि प्रतिजैविक द्यायचं, गोळी-सिरप नाही तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हातात तान्ह्या बाळाचं इंजेक्शन! आक्षेप येणारच. पण १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

मग सरकारने काय केलं? घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत २०११ मध्ये देशभर घेतली. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन करतात, ताप बघतात, ते यातूनच आलं. पण इंजेक्शनचा भाग आशांच्या कामात आला नाही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत ते द्यायची मुभा मिळाली ती एएनएमना, म्हणजे नर्सबाईंना. परिणाम सिद्ध झाल्यावरही परवानगीची रेषा कुठे आखायची यावर किती विचार झाला, बघा.

याच रेषेवरून २०१९ मध्ये मोठा वाद झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य सेवा देणारा' असा एक मर्यादित परवाना आला. आधुनिक वैद्यकाशी संबंधित पण डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरतीच ठरावीक औषधं स्वतः लिहिता यावीत, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. अशा लोकांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, हीही अट. परदेशातल्या त्या परवान्याच्या जवळ जाणारं आपल्या कायद्यातलं कलम हेच. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध देशभर संप केला. त्यांचं म्हणणं, यातून भोंदूंना दार उघडेल. समर्थकांचं म्हणणं, डॉक्टर जिथे जातच नाही तिथे कुणी जायचं? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. फक्त अंबडसारख्या ठिकाणी, जिथे दर चौकात दवाखाना आहे, तिथे दुसरा मुद्दा तितका लागू होत नाही.

रोजच्या व्यवहारात मग काय धरायचं? निर्णय आणि हात वेगळे करायचे. इंजेक्शन द्यायचं का, कोणतं, किती, हा निर्णय नोंदणीकृत डॉक्टरचा आणि तो कागदावर हवा. देणारा हात नोंदणीकृत नर्सचा असू शकतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांमुळे हे आणखी सोपं झालं. नर्स किंवा आरोग्य कर्मचारी पेशंटजवळ असेल आणि डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर, तरी तो रीतसर सल्ला ठरतो आणि त्याची जबाबदारी डॉक्टरवर येते. घरपोच सेवेचा कायदेशीर रस्ता आज बहुतांशी इथून जातो.

'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ' असं म्हणून ओळखीच्या पोराला बोलावणं मात्र यात कुठेच बसत नाही. तिथे निर्णयही त्याचा आणि हातही त्याचा. नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणं १९६१ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. तो पोरगा चांगला असेल, त्याचा हात हलका असेल, पण रिअ‍ॅक्शन आली तर त्याच्याकडे ना औषध, ना मागे उभा राहणारा डॉक्टर.

कंपनीत आणि शाळेत

आपल्याकडचे निम्मे पालक एमआयडीसीत आहेत, म्हणून हेही सांगते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, आणि ती पेटी प्रथमोपचाराचं मान्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात, अशी अट होती. ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर स्वतंत्र रुग्णवाहिका कक्ष. ५०० चा हा आकडा नव्या श्रम संहितेतही ठेवलाय. बाबांना घरी विचारायला सांगा, तुमच्या खात्यातली पेटी कुणाकडे असते? बऱ्याच मुलांना उत्तर येतं, 'किल्ली स्टोअरवाल्याकडे.'

रस्त्यावर अपघात दिसला तर परवाना नाही म्हणून मागे सरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. प्रथमोपचार हा नागरिकाचाही भाग आहे. परवाना लागतो तो पैसे घेऊन, धंदा म्हणून उपचार करायला.

आता आपली शाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक आलं की आपण मुलांना रांगेत उभं करतो आणि आपापल्या कामाला लागतो. पण त्या पथकाची रचना म्हणजे आजच्या विषयाचा चालताबोलता धडा आहे. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. गाडीतला प्रत्येक जण वेगळ्या परिषदेच्या नोंदवहीत. आणि काम आखून दिलेलं : तपासायचं, दोष शोधायचा, पुढच्या उपचाराला पाठवायचं. गाडी, माणूस, काम, तिन्ही रकाने पूर्ण भरलेले.

जाता जाता मुख्याध्यापकांसाठी एक. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत शाळांच्या प्रथमोपचार खोल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रक्ताचा कापूस ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नसतो.

वर्गात घेता येईल असं

नववीला मी एक तास यासाठी ठेवते. फळ्यावर तीन रकाने आणि खाली नावं : १०८, कोपऱ्यावरची खासगी रुग्णवाहिका, शाळेत येणारं पथक, कंपनीतला प्रथमोपचारवाला, घरी येणारी नर्स, आशाताई. मुलं घरी आणि वस्तीत विचारून आठवडाभरात रकाने भरतात. नर्सताईंना नोंदणी क्रमांक विचारताना नीट, नम्रपणे कसं विचारायचं याचा सराव आधी वर्गात करून घ्या, नाहीतर पोरं पोलीस चौकशीला गेल्यासारखी जातात. खऱ्या नोंदणीवाल्याला हा प्रश्न लागत नाही, उलट ते कौतुकाने कार्ड दाखवतात.

आशाताईंपाशी मुलं दरवेळी अडतात. गाडी नाही. माणसाच्या रकान्यात परिषद नाही, कारण ती योजनेतली मानधनावरची स्वयंसेविका. कामाचा रकाना मात्र सगळ्यांत लांब. चुंचाळ्याकडची एक मुलगी गेल्या वर्षी म्हणाली, "मॅडम, माझी आई आशा आहे, मग तिचा क्रमांक कुठे लिहू?" तो रकाना आम्ही रिकामाच ठेवला आणि वर्गात त्यावर अर्धा तास बोललो. तुमच्या वर्गातही तेवढा वेळ हाताशी ठेवा.